ह्वे शहरातला शेवटचा दिवस : पाऊस, पाठीवरची सॅक आणि चढते पाणी

गोदाकाठची

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून व्हिएतनाममध्ये एकटीने अठरा दिवस फिरून आले. दक्षिणेत सायगावला (हो ची मिन्ह सिटीला) उतरायचे, होई आन करत ह्वेला यायचे, तिथून रात्रीच्या गाडीने हनोई गाठायचे आणि हनोईहून मुंबईचे विमान पकडायचे, असा सरळ वर चढत जाणारा मार्ग आखला होता. संपूर्ण प्रवासवर्णन लिहिण्याचा विचार नाही. ह्वेमधल्या शेवटच्या दिवसापुरतेच लिहिते, कारण त्या दिवशी ठरवलेली एकही गोष्ट झाली नाही आणि शेवटच्या दिवशी काय करावे याबद्दलचे माझे मत तेव्हापासून बदलले आहे.

आधी ऋतूबद्दल कबुली देते. शाळेत शिकवणाऱ्या बाईला लांब सुट्टी मिळते ती मे महिन्यात किंवा दिवाळीत, त्यामुळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हेच ह्वेचे सर्वांत पावसाळी महिने आहेत हे ठाऊक असूनही मी गेले. नाशिकच्या माणसाला पावसाचे काय भय, आपण त्र्यंबकचा आणि इगतपुरीचा पाऊस पाहिलेला आहे, अशी एक घमेंडही मनात होतीच. ती दुसऱ्या दिवशीच उतरली. आपला पाऊस सरींनी येतो, मध्ये उघडीप देतो, चहा प्यायला वेळ देतो. ह्वेचा पाऊस तीन दिवस एकाच लयीत पडत राहिला. धुतलेले कपडे पंख्याखाली टांगले होते, ते वाळण्याऐवजी नुसते गार होत गेले.

शेवटच्या दिवशी सायकल भाड्याने घेऊन शहराच्या दक्षिणेकडे असलेल्या मिन्ह मांग सम्राटाच्या समाधीकडे जायचे ठरवले होते. न्गुयेन घराण्याने १८०२ ते १९४५ या काळात ह्वेमधून राज्य केले आणि त्यांच्या समाध्या शहराबाहेर, नदीकाठच्या टेकड्यांत विखुरलेल्या आहेत. तू दुक आणि खाई दिन्ह यांच्या समाध्या मी आधीच्या दोन दिवसांत भिजत भिजत पाहिल्या होत्या. मिन्ह मांगची तेवढी राहिली होती, आणि यादीतले एकच नाव उरले की माणूस त्याच्यासाठी किती हट्टी होतो हे प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. मी सायकलची किल्ली मागितली तेव्हा लॉज चालवणाऱ्या बाईंच्या सासूबाईंनी ती दिली नाही. त्यांनी मला हाताला धरून दारात नेले, गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या नदीकडे बोट दाखवले आणि तळहात जमिनीपासून सावकाश वर उचलत छातीपर्यंत आणला. त्या हालचालीला भाषांतर करणाऱ्या ॲपची गरज नव्हती. पावसाळ्यात नाशिकला गोदावरीकाठी रामकुंडावरच्या कोणत्याही दुकानदाराला ‘पाणी किती वाढेल’ असे विचारा, तो हाताने हेच दाखवेल.

मग समाधीचा नाद सोडला. बाजारातून वीस हजार डोंगांचा, म्हणजे आपल्या साठ-सत्तर रुपयांचा, पातळ प्लास्टिकचा रेनकोट घेतला. रेनकोटांबद्दल थोडे विषयांतर करते. तिथे सगळे शहर दुचाकीवर चालते आणि भर पावसातही थांबत नाही, त्यामुळे दुचाकीस्वाराचा रेनकोट पुढे हँडलवरूनही पसरतो आणि दिव्याचा उजेड बाहेर पडावा म्हणून त्याला समोर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी लावलेली असते. त्यातला एक प्रकार चालवणारा आणि मागे बसणारा या दोघांसाठी मिळून शिवलेला असतो. अंग एक आणि टोपीची तोंडे दोन. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रस्त्यात एकटीच हसले, कारण मला नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभा असलेला आपला दुतोंड्या मारुती आठवला.

दुपारपर्यंतचा वेळ राजदरबारातल्या वस्तूंच्या संग्रहालयात काढला. ते लाँग आन या १८४५ साली बांधलेल्या लाकडी प्रासादात आहे. आतल्या वस्तूंपेक्षा मला छप्पर पाहण्यातच अधिक रस वाटला. ह्वेच्या राजवाड्यांत पुढे एक आणि मागे एक अशी दोन छपरे एकमेकांना खेटून असतात, आतून मात्र दालन एकच वाटते. दोन्ही उतारांचे पाणी जिथे मिळते तिथे आडवी पन्हळ असते आणि ती खालून दिसू नये म्हणून तेवढ्या भागाला वेगळे, कमानीसारखे वळवलेले लाकडी छत दिलेले असते. कोरड्या दिवशी हे माझ्या लक्षातही आले नसते. त्या दिवशी त्या छतावरून पाणी धावल्याचा आवाज डोक्यावर सलग येत होता आणि खालच्या फरशीवर एक थेंबही नव्हता. आमच्या जुन्या वाड्यात चौकाच्या चारी बाजूंनी पन्हळी होत्या आणि त्यांतली एक दर वर्षी गळायची, त्यामुळे त्या सुतारांबद्दल मला जरा जास्तच आदर वाटला.

जेवणाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. संग्रहालयातून निघाल्यावर एका पाटीवर ‘चाय’ असे वाचता येईल असा शब्द दिसला आणि मी चहाच्या आशेने आत शिरले. व्हिएतनामी भाषेत या शब्दाचा अर्थ शाकाहारी असा होतो. त्या दिवशी पौर्णिमा होती. बौद्ध परंपरेमुळे तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ लोक मांसाहार करत नाहीत, आणि ह्वेमध्ये ही रीत विशेष पाळली जाते. एरवी रिकामे असेल असे ते छोटे खानावळवजा दुकान गच्च भरले होते. भाताबरोबर टोफू, फणसाच्या कोवळ्या गऱ्यांची कोशिंबिरीसारखी भाजी, मशरूमचे सार आणि लेमनग्रासचा वास. एकादशीला आपल्याकडे खिचडीच्या दुकानापुढे जी गर्दी होते, तीच ही गर्दी, फक्त रेनकोटातली.

तीननंतर मी नदीवर गेले. हुओंग म्हणजे सुगंधी नदी. वरच्या बागांतली फुले पाण्यात पडून तिला सुवास येत असे, असे सांगतात. त्या दिवशी मात्र ती गाळाने तांबडी झाली होती आणि वास ओल्या मातीचाच होता. १८९९ साली खुला झालेला त्रुओंग तिएन पूल तिच्यावर आहे, सहा गाळ्यांचा आणि बारा लोखंडी कमानींचा. पुलाच्या बाजूला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. मी पोहोचले तेव्हा त्यांतल्या नऊ उघड्या होत्या. शेजारी छत्री घेऊन उभे असलेले एक गृहस्थ, दोन शाळकरी मुले आणि टोपल्या उचलून वर नेणारी एक भाजीवाली, सगळे तेच पाहत होते. कोणी फोटो काढत नव्हते. पाऊण तासाने सहा पायऱ्या उरल्या. मी तिथे जवळजवळ दीड तास उभी होते आणि मला समाधीची आठवणही झाली नाही.

लॉजवर परतले तर खाली ठेवलेली माझी सॅक जागेवर नव्हती. क्षणभर पोटात गोळा आला. सासूबाईंनी वर बोट दाखवले. तिथल्या जुन्या घरांत छताखाली फळ्यांचा माळा असतो, पूर आला की धान्य आणि देवघरातल्या वस्तू तिथे चढवतात. तांदळाची पोती, पितळी उदबत्तीदाण्या आणि त्यांच्या शेजारी माझी निळी सॅक. मी न विचारता त्यांनी ती शिडीवरून वर नेऊन ठेवली होती. चूक माझीच होती. सॅकवर रेनकव्हर आहे म्हणून मी ती निर्धास्तपणे फरशीवर सोडून गेले होते, आणि तिच्या तळाशी कव्हरमध्येच वाटीभर पाणी साचलेले निघाले.

संध्याकाळी साडेपाचला रेल्वे स्थानक गाठले आणि गाडी सव्वातीन तास उशिरा आली. माझे मत एवढेच झाले आहे की परक्या शहरात पाऊस लागला असेल तर शेवटच्या दिवशी यादी पुरी करण्याच्या मागे लागू नये. पायी परत येता येईल एवढ्याच अंतरात राहावे आणि तिथले लोक जे पाहत आहेत ते पाहावे. आपले काय मत आहे?

---

पंचवटीकर

ताई, लेख आवडला, मत मात्र पटले नाही. इतके पैसे खर्चून, व्हिसा काढून, दोन विमाने बदलून माणूस जातो आणि शेवटी पायऱ्या मोजत उभा राहतो, हे मला तरी परवडणार नाही. पाणी पाहायचे असेल तर ऑगस्टमध्ये गाडगे महाराज पुलावर उभे राहावे, तिथे तिकीटही लागत नाही. मिन्ह मांगची समाधी तुम्हाला पुन्हा कधी दिसणार आहे? टॅक्सी करून जाता आले असते.

बाकी पायऱ्या मोजण्याची सवय आपल्या हाडात आहे हे खरे. आमच्या घरी १९६९ च्या पुराच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो, आणि २ ऑगस्ट २०१६ व ४ ऑगस्ट २०१९ हे दोन पूर मी स्वतः पाहिले आहेत. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले असे फोन दिवसभर चालू असतात. नदीकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेले, एवढे एक वाक्य नाशिकच्या माणसाला पुरते. क्युसेकचा आकडा त्यानंतर येतो.

---

गोदाकाठची

पंचवटीकर, टॅक्सीचा विचार माझ्याही मनात आला होता. समाधीकडे जाणारा रस्ता नदीच्या कडेकडेने जातो आणि सखल भागात त्यावर पाणी येते, असे लॉजच्या बाईंनी सांगितले. जाताना रस्ता उघडा आणि येताना बंद असे झाले असते, तर गाडी चुकली असती. एकटीने फिरताना हा हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडावा लागतो, कारण अडकल्यावर ‘तू इथे थांब, मी बघून येते’ असे म्हणायला बरोबर कोणी नसते. समाधी राहिली याची खंत आहेच, ती मी नाकारत नाही.

---

निवृत्त_अभियंता

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेल्यामुळे पावसाच्या भागावर थोडे लिहितो.

ह्वेचा पाऊस नोव्हेंबरात का, याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातच सापडते. आपल्याकडे नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला अडतात, म्हणून इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि डोंगराच्या पाठीमागे असलेल्या सिन्नर-येवल्याला पाचशे-सहाशेवर समाधान मानावे लागते. व्हिएतनामच्या मध्यभागी त्रुओंग सोन ही पर्वतरांग लाओसच्या सरहद्दीवर उभी आहे. आपल्याला पाऊस देणारे नैर्ऋत्य वारे तिथे लाओसच्या बाजूला रिकामे होतात आणि डोंगर उतरून ह्वेकडे येताना कोरडे व तापलेले असतात. तिथले लोक त्यांना लाओसचा वाराच म्हणतात. म्हणजे जून-जुलैत ह्वे हे त्यांचे येवला असते. सप्टेंबरनंतर वारे ईशान्येकडून, समुद्रावरून येऊ लागतात आणि त्याच रांगेला पूर्वेच्या बाजूने धडकतात, तेव्हा ह्वेचे इगतपुरी होते. त्यातच वादळेही याच महिन्यांत किनाऱ्यावर येतात. शहराच्या दक्षिणेला बाख माचा डोंगर थेट समुद्रापर्यंत आडवा गेलेला आहे, त्यामुळे ढगांना बाजूने निसटायलाही वाट उरत नाही. वर्षाचा पाऊस २८०० ते ३००० मिलिमीटर असला तरी त्याचा मोठा भाग या तीन-चार महिन्यांतच पडतो.

दुसरी गोष्ट नदीची. गोदावरी त्र्यंबकहून निघून समुद्राला मिळेपर्यंत सुमारे १,४६५ किलोमीटर चालते. हुओंग नदी त्या मानाने अगदी आखूड आहे, डोंगर आणि समुद्र यांच्यात तिला जागाच थोडी मिळालेली आहे. डोंगरात पडलेले पाणी काही तासांत शहरात उतरते. खाली मात्र ते ताम ज्यांग या विस्तीर्ण खाजणात जाते आणि त्याची समुद्राकडची तोंडे अरुंद आहेत, त्यामुळे भरतीच्या वेळी निचरा मंदावतो. वेगाने येणारे आणि सावकाश जाणारे पाणी, हे ह्वेचे दुखणे आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिथे एका दिवसात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. शहराजवळच्या किम लाँग येथील मापकावर इशाऱ्याची तिसरी, म्हणजे सर्वांत वरची पातळी ३.५ मीटर आहे. त्या वर्षी पाणी ५.८ मीटरच्या घरात गेले. आता वरच्या अंगाला ता त्राक, बिन्ह दिएन अशी धरणे आहेत आणि त्यांच्या विसर्गाच्या सूचना निघतात. गंगापूर धरणातून पाणी सोडले की आपल्याकडे जी धावपळ होते, तीच तिथे होत असणार.

म्हणून पंचवटीकरांशी मी सहमत नाही. नऊच्या सहा पायऱ्या पाऊण तासात झाल्या, ही वाढ जलद आहे. ताईंनी शहर सोडले नाही तेच बरे केले. मात्र त्यांनाही एक बोलणे लावतो : पाणी चढत असताना दीड तास पायऱ्यांवर उभे राहणे, तेही ओळखीपाळखीच्या नसलेल्या नदीवर, हे अनाठायी धाडस आहे.

---

गोदाकाठची

काका, बोलणे मान्य आहे. मी सर्वांत वरच्या पायरीवर, रस्त्याला लागून उभी होते, तरीही आपण म्हणता ते खरे. १९९९ च्या पुराची खूण मला लॉजमध्येच दिसली होती. जिन्याच्या भिंतीवर रंगाखालून एक आडवी रेघ पुसटशी दिसत होती आणि ती माझ्या खांद्याच्या वर होती. सकाळी सासूबाईंनी हात छातीपर्यंतच नेला होता, म्हणजे त्यांच्या लेखी तो दिवस फारसा मोठा नव्हता.

---

पाठपिशवी

रेनकव्हरबद्दल लिहितो, कारण हा धडा मी हरिश्चंद्रगडावर घेतलेला आहे. कव्हर पाठीकडच्या बाजूने उघडेच असते, अंगावरून ओघळणारे पाणी तिथून आत जाते आणि कव्हरच्या खोळीत तळाशी साचते. खालच्या शिवणीला एक छोटे भोक पाडून घ्यावे, आणि खरा भरवसा कव्हरवर न ठेवता सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सामान त्यात भरावे. तळाशी कपडे नकोत, चपला ठेवाव्यात. पासपोर्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत अंगावर बाळगावा.

एक प्रश्न आहे. गाडी सव्वातीन तास उशिरा आली, तर हनोईचे विमान कसे मिळाले?

---

गोदाकाठची

विमान तिसऱ्या दिवशी सकाळी होते. हे एक शहाणपण मी निघण्यापूर्वीच केले होते, कारण पावसाळ्यात तो लोहमार्ग दरडी आणि पुरामुळे कधीकधी बंद पडतो, हे वाचनात आले होते. ह्वे ते हनोई ६८८ किलोमीटर आहे आणि वेळेवर निघालेली गाडीही तेरा-चौदा तास घेते. मार्ग मीटरगेज आहे, मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा पूर्वी होता तसा, त्यामुळे डबा झोके खात चालतो. सहा बर्थच्या डब्यात वरचा बर्थ स्वस्त मिळतो, पण तिथे बसून मान सरळ करता येत नाही. ओली सॅक घेऊन तिथे चढायचे असेल तर थोडे पैसे घालून चार बर्थचा डबा घ्यावा.

पासपोर्ट कोरडा राहिला. ई-व्हिसाच्या छापील कागदावरची शाई मात्र पसरली होती. आदल्या रात्रीच दुसरी प्रत काढून ठेवायला हवी होती.

---

सातपूरची_सून

मला वेगळेच विचारायचे आहे. स्थानकावर तीन तास, अंधारात, एकटी. भीती वाटली नाही का? आणि घरच्यांना काय सांगितले? माझ्या मुलीला पुढच्या वर्षी जायचे आहे, म्हणून विचारते.

---

गोदाकाठची

ताई, स्थानकावर भीती वाटली नाही. ते १९०८ सालचे फिकट गुलाबी रंगाचे स्थानक आहे, प्रतीक्षालयात उजेड होता आणि शंभर-सव्वाशे माणसे आपापल्या बोचक्यांवर बसून होती. पाय ओले, मोजे पिळून बाकाच्या पाठीवर टाकलेले, हातात मीठ घातलेली कॉफी. ही कॉफी ह्वेचीच आहे, वर खारट मलई असते. ऐकायला विचित्र वाटते, गार पडलेल्या माणसाला फार बरी लागते. समोर बसलेल्या एका आजींनी मला मोज्यांत घालायला वर्तमानपत्राचे दोन कागद दिले.

भीती वाटली ती दुपारी, सॅक जागेवर दिसली नाही तेव्हा, आणि त्याची मला अजून लाज वाटते, कारण मनात पहिला विचार चोरीचा आला. घरी आईला मी ‘पाऊस आहे’ एवढेच सांगितले होते. तिने विचारले, पाणी कुठपर्यंत आले आहे. आपल्या मुलीला रोज ठरावीक वेळी एक निरोप पाठवण्याची सवय लावा आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवायला सांगा.

---

पंचवटीकर

सॅक माळ्यावर चढवणाऱ्या बाईंमुळे माझे मत थोडे सैल झाले आहे, समाधीबद्दल मात्र कायम आहे. रात्री पाणी लॉजमध्ये शिरले का, हे लिहायचे राहिले.

---

गोदाकाठची

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हनोईपासून बरीच दूर असताना लॉजच्या बाईंनी फोटो पाठवला. गल्लीत पोटरीभर पाणी होते आणि उंबऱ्याच्या खाली दोन फरशा कोरड्या दिसत होत्या. दारात दुतोंडी रेनकोट वाळत घातला होता. मी त्यांना दुतोंड्या मारुतीचा, छातीपर्यंत पाण्यात उभा असलेला, माझ्या मोबाइलमधला २०१९ चा फोटो पाठवला. त्यांनी ॲपमधून भाषांतर करून विचारले की ही मूर्ती दरवर्षी बुडते, तर तुम्ही ती वर का हलवत नाही.

त्याचे उत्तर मला अजून नीट लिहिता आलेले नाही. कोणी सुचवले तर पाठवीन.